पारोशी गल्ली

जुन्या गादीचा कापूस बाहेर काढला की कळतं, माणूस कुठल्या कुशीवर झोपत होतं. त्या बाजूला कापसाचा गड्डा होतो, दगडासारखा.

*

"ओढणी कुठं होती?"

"दोरीवर."

"दोरीवर कशाला?"

"वाळत घातलेली."

*

शेणानं सारवलेलं अंगण डिसेंबरात वाळायला आख्खा दिवस घेतं. तोवर त्यावर चिमणी उतरली तरी तिची नखं मोजता येतात.

*

खराटा धरायची एकच रीत आहे. कंबर मोडायची, उजवा हात पुढं, डावा हात पाठीवर. चाळीस वर्षं झाडलेली बाई सरळ उभी राहिली तरी तिचा डावा हात पाठीवरच जातो.

*

हंगामात बिद्रीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीमागं अडकलेला माणूस आधी शिव्या देतो, मग गप्प बसतो, मग ट्रॉलीतलाच एक ऊस उपसून खायला लागतो.

*

"पावणं, तुमी कुठलं?"

हे खतिजा नदाफला आजवर अकरा गावांत विचारलं गेलं. ही बाराव्या गावाची गोष्ट.

*

बुधवारी साडेअकराच्या सुमाराला खतिजा उचगावात दुकानापुढच्या फळीवर बसून गादीला टाके घालत होती. हातभर सुई, मेणातनं ओढलेला दोरा, पापण्यांवर कापूस. आत तिचा नवरा इमाम पिंजायच्या यंत्रावर होता, त्यामुळं मोपेड येऊन थांबली ती तिला ऐकू आली नाही, दिसली. मीनाक्षीबाई खाली उतरल्याच नाहीत.

"खतिजाभाभी, बिद्रीच्या पुढं एक वाडी आहे. माझी विद्यार्थिनी तिथं दिलीय, अंतरा. तिचा फोन आला. शेजारी सकाळी साडेदहाला खून झालाय. विश्वजित नाव, सव्वीस वर्षांचा. पाण्याच्या पाळीवरनं चुलतभावानं कोयता घातला म्हणतात."

खतिजानं एकच विचारलं. "झाडलं का?"

"अजून नाही. पण बायका जमल्यात. शेण कालवलंय."

खतिजानं सुई होती तिथंच गादीत रोवली. इमामनं यंत्र बंद करून डोकं बाहेर काढलं.

"फिर निकली?"

"हां."

"ये गादी शाम को देनी है."

"तुम मारो टाके."

"मेरे टाके देख के गिऱ्हाईक रोएगा," इमाम म्हणाला, आणि आतनं शाल आणून त्यानं तिच्या खांद्यावर टाकली.

सहा वर्षांपूर्वी त्यांची शिफा याच दुकानामागच्या खोलीत मारली गेली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ती पॅकिंगला जायची, त्या दिवशी सुट्टी होती. ज्याला ती नाही म्हणाली होती तो माणूस भर दुपारी घरात शिरला. खतिजा कापड आणायला गेलेली. ती परतली तेव्हा गल्लीनं शिफाला रिक्षात घातलं होतं, आणि फरशीवर तिची ओढणी राहिली होती. पोलीस येणार, असं कुणीतरी म्हणालं. म्हणजे परके पुरुष येणार, बुटांसकट आत येणार, आणि लेकीची ओढणी अशी पडलेली बघणार. खतिजानं ओढणी उचलली आणि साबणानं धुतली. दोनदा. फरशी तीनदा पुसली. बायांनी पाणी आणून दिलं. साहेब आले तेव्हा घर ईदेला असतं तसं लखलखीत होतं.

चार वर्षांनी कोर्टात आरोपीच्या वकिलानं तिला वाईटवंगाळ काही विचारलं नाही. ओढणीचे चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही धुतली." ती म्हणाली, "व्हय." तो माणूस सुटला.

शिफाला चौथीत शिकवलेल्या मीनाक्षीबाई प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर बसत. निकालाच्या दिवशी दोघींनी दोन बस सोडून दिल्या. तिसरी लांबून दिसली तेव्हा खतिजा म्हणाली, "बाई, हे मला कुणीतरी सांगायला पायजे होतं की."

तिथनं सुरू झालं. पाटी नाही, पावती नाही. लोक 'शिफाची माणसं' म्हणतात. आता बाई धरून चौदाजण आहेत. कुणी अर्ज लिहितं, कुणी साक्षीदाराला कोर्टात नेऊन दिवसभर त्याच्याशेजारी बसतं, तो घाबरून मुतारीला निघाला तर बाहेर उभं राहतं. खतिजाचं काम एकच. पहिल्या दिवशी पोचायचं आणि झाडू द्यायचं नाही.

*

वाडीत पोचायला दीड वाजला. उसाच्या सात ट्रॉल्या त्यांनी ओलांडल्या, आठवीमागं पाऊण तास गेला. मोपेडवरून उतरताना खतिजाचे गुडघे धरले होते, ती जरा वेळ गाडीच्या सीटला धरूनच उभी राहिली.

गल्ली एकाच भावकीची. समोरासमोर सोळा घरं. निम्म्या अंगणांत आता पेव्हर, म्हणजे फरशीचे ठोकळे, बसवलेत, बाकीची मातीची. विश्वजितच्या वडलांचं, अप्पांचं, मातीचं. सकाळी दहाला विश्वजितच्या बायकोनं, निशिगंधानं, ते सारवलं होतं. साडेदहाला विश्वजित जोत्यावर बसून भाकरी खात होता. निशिगंधा आत चुलीपाशी. तिनं आवाज ऐकला, दोन शब्द, शिवी, आणि ताट पडल्याचा आवाज. बाहेर आली तेव्हा अंगण रिकामं होतं.

बघणारं कुणी नव्हतं. कोयता सापडला नव्हता. आदल्या दिवशी ज्याच्याशी पाण्यावरनं भांडण झालेलं तो गुंडू, समोरच्याच घरातला, घरात नव्हता. पोलीस येऊन विश्वजितला शवविच्छेदनाला कोल्हापूरला, सीपीआर दवाखान्यात घेऊन गेले होते. एक म्हातारा हवालदार गल्लीच्या तोंडाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवला होता.

"नव्या कायद्यानं तपासणीची गाडी यावी लागतीया," तो मीनाक्षीबाईंना म्हणाला. "पर गाडी एकच. ती दुसरीकडं गुंतलीया. उद्या दहाला."

"मग तोवर अंगणात कुणाला जाऊ देऊ नका की."

"बाई, गड्यांस्नी अडवतोय. बायकांस्नी काय बोलू? शेणाचं हात हायत त्यांचं."

सारवणावर पाच पावलं उमटलेली. अनवाणी, पळती, घरापासनं गल्लीकडं. आत येतानाची पावलं आणि ह्यातली चार, जमलेल्या लोकांनी तुडवली होती. एक आख्खं होतं. पाच बोटं, टाच, आणि टाचेच्या भेगांत काहीतरी काळं सुकलेलं. अंगण अजून ओलं होतं. पावलाच्या दोन हातांवर कोंबड्या उकरत होत्या.

खतिजानं चपला गल्लीत काढल्या आणि अंगणाच्या कडेकडेनं, भिंतीला पाठ घासत, त्या पावलापर्यंत गेली. शेजारी उकिडवी बसली. अकरा गावांत तिनं बरंच काही बघितलं होतं, पण एवढं पुरं काही तिच्यासाठी कुणी मागं ठेवलं नव्हतं. तिला वाटलं, जोरात श्वास सोडला तरी हे मोडेल.

समोरच्या घरातनं एक म्हातारी शेणाची बादली घेऊन आली. ती गुंडूची आई, अप्पांच्या बायकोची धाकटी जाऊ. तिच्यामागं पांढऱ्या शर्टातला तिचा थोरला, कृष्णात.

"पावणं, तुमी कुठलं?" कृष्णात म्हणाला.

"उचगाव."

"नाव?"

"खतिजा नदाफ."

"पिंजारीण व्हय? मग गाद्या भरायच्या सोडून हितं काय?"

"अंगण झाडू नका म्हणून सांगाय आले."

कृष्णात हसला. गल्लीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "ऐका. मयताच्या घरचं अंगण पारोसं ठेवा म्हणत्यात. आमच्यात ठेवत न्हाईत, मावशी. तुमच्यात ठेवत असतील."

"आमच्यात पण न्हाय ठेवत. म्हणूनच आले."

"म्हंजे?"

खतिजानं त्याच्याकडं बघितलं नाही. जोत्याच्या कडेला अप्पांची बायको बसली होती, गल्लीची आक्का. पदर डोक्यावरनं घसरलेला, दोन्ही हात मांडीवर उताणे. खतिजा तिच्याशीच बोलली. ओढणीचं सगळं सांगितलं, साबण कुठला होता तेसुद्धा. चार वाक्यं लागतात. बारा गावांत तिनं तीच चार वाक्यं सांगितली, आणि चौथ्या वाक्याला तिची जीभ दर वेळी तेवढीच जड होते.

"सुटला?" आक्कानं विचारलं.

"सुटला. लग्न झालं त्येचं."

"गुंडू काल रातच्यापास्नं निपाणीला हाय," कृष्णात मध्येच म्हणाला. "ह्या पावलाचं काय घेऊन बसलाय? शंभर माणूस आलंय सकाळपास्नं. आई, टाक शेण."

गुंडूची आई बादली घेऊन पुढं झाली. वाकली. पावलावर तिची नजर पडली आणि तिचा हात बादलीतच राहिला. सगळ्यांना वाटलं, आता फेकेल. ती वाकलेलीच होती. मग ती सरळ झाली, बादली उचलली आणि आपल्या घराकडं चालू लागली. बादली एका बाजूला कलती, शेण तिच्या लुगड्यावर सांडत होतं.

खतिजा बघत राहिली. पाऊल ओळखायला त्या बाईला माणूस बघावं लागलं नव्हतं. तिनंच कधीकाळी त्या पायाला तेल लावलं असेल.

"डालगं द्या," जोत्यावरनं अप्पा म्हणाले. सकाळपासनं त्यांच्या तोंडातनं निघालेला तो पहिला शब्द. कुणी हललं नाही, तर स्वतःच उठले. कोंबड्या झाकायचं मोठं बांबूचं डालगं घेऊन आले, भिंतीकडनं, खतिजा गेली होती तसेच. दोघांनी मिळून ते पावलावर पालथं घातलं. वर पाट्याचा दगड. दगड अप्पांनी असा टेकवला की डालग्याची एक काडी वाजली नाही.

"आणि कोंबड्या?" खतिजानं विचारलं.

"कोंबड्या बघतो मी," अप्पा म्हणाले. मग एकेक कोंबडी धरून, पंख दाबून, त्यांनी न्हाणीत कोंडली. शेवटची सापडेना तेव्हा म्हातारा तिच्यामागं गोठ्याभोवती तीनदा धावला. गल्लीत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

*

मीनाक्षीबाई अप्पांना घेऊन फिर्यादीची नक्कल आणायला ठाण्यात गेल्या. जाताना खतिजाच्या हातात त्यांनी कागद दिला. त्यावर त्यांच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात होतं:

१. झाडू नये.
२. सारवू नये.
३. त्याचे कपडे, ताट, चप्पल कुणी हलवू नये.
४. निशिगंधाने दोन घास खावेत.

खतिजाला वाचता येत नव्हतं. चौथं शेजारच्या अंतरानं वाचून दाखवलं तेव्हा निशिगंधानं मान हलवली, नको. अंतरा तिच्यापेक्षा वर्षभरानं मोठी होती. तिनं भाकरीचा तुकडा दुधात कुस्करला. "खा. उद्या साहेबास्नी सांगायचं हाय ऐकलेलं. पोटात काय नसलं तर जीभ वळत न्हाई." निशिगंधानं खाल्लं. कुत्र्याच्या पिल्लासारखं, वाटीत तोंड घालून.

पाच वाजता मयत आलं.

तेव्हा खरा पेच पडला. तिरडी अंगणातनं न्यायची नाही. म्हणजे मागच्या दारानं, स्वयंपाकघरातनं, उकिरड्याशेजारच्या पांदीनं. कर्त्या पोराची तिरडी मागच्या दारानं. आक्का उठली आणि भिंतीवर कपाळ आपटायला लागली.

"चोर होता व्हय गं माझा पोरगा? चोर होता?"

कृष्णात गल्लीत उभा होता. "बघा," तो चारचौघांना म्हणाला, "पोराचं मढं उकिरड्यावरनं काढाय लागल्यात. एका पिंजारणीच्या नादानं."

खतिजाच्या चार वाक्यांत हे बसत नव्हतं. तिनं आक्काला धरलं नाही. भिंत आणि कपाळ यांच्यामध्ये तळहात ठेवला, एवढंच. आक्काचं कपाळ त्या तळहातावर आदळत राहिलं. गादीच्या सुईनं घट्टे पडलेला हात, तरी ठेचकाळला.

मग अप्पा म्हणाले, "पुढनं नेऊन, पाऊल पुसून, पुन्यांदा कोण मारंल त्याला? काढा मागनं."

आणि तिरडी निघाली. सोळा घरांचे गडी पुढच्या रस्त्यानं जाऊन वाट बघत उभे राहतील असं खतिजाला वाटलं होतं. ते आले नाहीत. ते एकेक करून मागं पांदीत आले, उकिरड्यात घोट्यापर्यंत पाय घालून उभे राहिले, आणि तिरडी एका खांद्यावरनं दुसऱ्या खांद्यावर गेली. पांद अरुंद, दोन्हीकडं ऊस. उसाची पाती त्या पोराच्या तोंडावरनं हलकेच सरकत होती. खतिजानं असं कधी बघितलं नव्हतं. ती पदर तोंडात धरून उभी राहिली.

*

माती करून गडी परतले. तिन्हीसांजेला अंतराची सासू आली, पितळी दिवा आणि पसाभर चाळलेली राख घेऊन. आत, विश्वजित झोपायचा त्या जागी तिनं राख पसरली, हातानं सपाट केली, शेजारी दिवा ठेवला आणि राखेवर दुरडी पालथी घातली.

"हे काय?" खतिजानं विचारलं. तिच्याकडं हे नव्हतं.

"सकाळी दुरडी उचलून बघायचं. राखंत पाऊल उमटतंय. कुठल्या जल्माला गेला ते कळतंय. पाखराचं, वासराचं, माणसाचं." मग ती थांबली. दारातनं बाहेर अंगणातलं डालगं दिसत होतं, वर दगड. तिनं डालग्याकडं बघितलं, दुरडीकडं बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे तर दोन झालं की."

"व्हय."

"ह्ये झाकल्यालं असलं की घरात केर काढत न्हाईत. सकाळी बघूस्तवर." ती आता दारात जमलेल्या बायकांकडं वळली. आवाज चढला. "मग भायेरचं बी पाऊलच हाय. त्येला येगळा न्याय कशाला? बघूस्तवर केर काढायचा न्हाई. काय गं?"

कुणी हो म्हटलं नाही. कुणी नाही म्हटलं नाही. एक बाई म्हणाली, "तुझं काय जातंय? तुझ्या दारात पेव्हर हायत." दुसरी फिसकन हसली. मग सगळ्या आपापल्या घरी गेल्या.

खतिजा डालग्याजवळ जोत्याच्या पायरीवर शाल गुंडाळून बसली. त्या रात्रीचं सांगण्यासारखं एवढंच की मांजर एकदा आलं आणि तिनं त्याला चप्पल मारली.

*

जाग आली ती थंडीनं. तांबडं फुटायला आलं होतं. कारखान्याकडनं मळीचा गोडूस वास येत होता, धुकं गल्लीत गुडघ्याएवढं भरलेलं.

आणि खर्रर्र.

अंगणाच्या कोपऱ्यात आक्का झाडत होती.

कंबर मोडलेली, उजव्या हातात खराटा, डावा हात पाठीवर. डोळे उघडे होते पण ते कुठंच बघत नव्हते. तिला ठाऊकच नव्हतं ती झाडतेय ते. लग्न होऊन आल्यापासनं कोंबडा आरवला की जे शरीर उठत होतं ते आजही उठलं होतं. पोरगा गेलाय हे त्या हाताला कुणी सांगितलं नव्हतं. खराटा डालग्यापासनं चार हातांवर होता. मग तीन.

खतिजा उठली, पाय बधिर झालेले, आणि आक्काच्या पुढ्यात, खराट्याच्या वाटेत, मातीवर सरळ बसली. खराट्याचे फटके तिच्या पायांवर बसले. एक. दोन.

आक्का थांबली. खतिजाच्या पायांकडं, मग हातातल्या खराट्याकडं बघितलं.

"मी झाडाय लागलो व्हय?" ती म्हणाली.

"व्हय."

"गेलं का पाऊल?"

"न्हाय. हाय."

आक्का तिथंच खाली बसली, खराटा मांडीवर. "आता उजाडंल," ती म्हणाली. "गल्ली झाडून सडा टाकंल. पंधरा अंगणं लख्ख हुतील आणि माझं एकटीचं पारोसं. रस्त्यानं जाणारी माणसं बघतील. म्हणतील, हे बघा, हे घर." तिनं तोंड पुसलं. "पोरगा गेला त्यो गेला. ह्ये बी बघाय लागणार माझ्या डोळ्यांनी."

खतिजाची लाज साबणानं धुऊन गेली होती. ही बाई ती अंगणात उघडी ठेवून बसली होती.

कोंबडा आरवला. दुसरा. दारं उघडायला लागली.

दोघी वाट बघत बसल्या, खराट्यांच्या आवाजाची. तो आवाज कसा येतो ते खतिजाला माहीत होतं. आधी एक, लांबनं, मग शेजारून, मग सगळी गल्लीच एका लयीत.

आला नाही.

समोरून तिसऱ्या घरातनं एक बाई खराटा घेऊन बाहेर आली, उंबऱ्यात उभी राहिली, गल्लीकडं बघितलं आणि खराटा भिंतीला टेकवून चुलीकडं गेली. तिच्या शेजारची. तिच्या शेजारची. अंतराच्या सासूनं आपल्या फरशीच्या अंगणात उभं राहून दात घासले, केराकडं बघत, जसं काही तो तिचा पाहुणा होता. कुणी या दोघींकडं बघत नव्हतं. नळाला पाणी आलं, हंडे भरले गेले, पण एकीनं ओंजळभर सडा टाकला नाही.

उजाडत गेलं तसा सगळ्या गल्लीचा कालचा दिवस दिसायला लागला. भुईमुगाची टरफलं. शेळीच्या लेंड्या. एका अंगणात चिरमुऱ्यांची रिकामी पिशवी, पोरांनी काढलेला लंगडीचा पट, उसाचा चोथा. वैरणीच्या काड्या. पारावरचा पिंपळ रात्रभर गळाला होता, आणि त्याची पिवळी पानं या टोकापासनं त्या टोकापर्यंत, सोळा दारांत सारखीच पडली होती.

खतिजानं मोठे मोर्चे बघितले होते, मेणबत्त्या बघितल्या होत्या, कलेक्टर कचेरीपुढं बाईंबरोबर उन्हात उभी राहिली होती. हे त्यातलं काही नव्हतं. इथं कुणी काही केलं नव्हतं. बायकांनी फक्त हात आवरले होते, आणि गल्ली देवळात असावी तशी झाली होती.

समोरचं दार तेवढं बंद होतं.

ते उघडलं. गुंडूची आई बाहेर आली. हातात खराटा. कालचं शेणाचं लुगडं तसंच अंगावर. गल्लीतल्या सगळ्या हालचाली एकदम थांबल्या, हंडे कमरेवर राहिले. म्हातारीनं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. पंधरा पारोशी अंगणं. मग समोर, जावेकडं.

मागून कृष्णातचा आवाज आला. "आई, झाड की!"

म्हातारी उभीच.

"झाड म्हणतोय न्हवं! आपल्या घरात कोण मेलंय काय?"

त्यावर ती वळली. मुलाकडं अशी बघत राहिली की त्यानं मान खाली घातली. मग ती उंबऱ्यावर बसली. सावकाश, एक हात चौकटीला धरून. खराटा मांडीवर आडवा घेतला. आणि बसून राहिली, ऊन अंगणात येईपर्यंत, तिच्या केरावरनं सरकून पायांवर येईपर्यंत. समोरासमोर दोन जावा, दोघींच्या मांडीवर खराटे.

खतिजाला त्या बाईकडं बघवेना आणि नजर काढवेना. आपल्या पोराला वाचवायला ती साबणाच्या फेसाएवढंही काही करत नव्हती. एवढं बळ कुठून येतं, हे खतिजाला त्या दिवशीही कळलं नाही आणि नंतरही कुणाला सांगता आलं नाही.

*

दहाची गाडी साडेअकराला आली. ट्रॉल्यांत अडकली होती. मीनाक्षीबाई मोपेडवर तिच्यापुढं, वाट काढत. गल्लीच्या तोंडाशी येताच त्यांनी ब्रेक मारला आणि तिथंच थांबल्या. मग मोपेड बंद करून, पानं चुकवत, त्या पायी आत आल्या.

हातमोजे घातलेला माणूस पेटी घेऊन उतरला. "हे डालगं कुणी ठेवलं?"

"मी," अप्पा म्हणाले.

"उचला. सावकाश."

अप्पांनी दगड काढला, डालगं उचललं. सारवण आता वाळून करडं झालं होतं. पाऊल तसंच होतं. आणखी घट्ट झालं होतं.

त्या माणसानं मोजपट्टी ठेवून फोटो घेतले. टाचेच्या भेगेतलं काळं, सुईएवढ्या चमच्यानं खरवडून कुपीत घेतलं. मग डब्यात पांढरी पूड कालवली आणि चमच्याचमच्यानं त्या पावलात सोडली. गल्ली भोवती उभी होती, लांब, कुणीही न सांगता लांब. अर्ध्या तासानं त्यानं बोटांनी कडा सोडवल्या आणि ते वर उचललं.

जमिनीतनं एक पांढरं पाऊल निघालं. पाच बोटं, अंगठ्याच्या बाजूचं बोट जरा दुमडलेलं, टाचेच्या सगळ्या भेगा. कुणीतरी "आई गं" म्हणालं. अंतराच्या सासूनं हात जोडले, कशाला ते तिलाही ठाऊक नसावं. समोरच्या उंबऱ्यावरची म्हातारी उठली आणि आत गेली. दार तिनं लावलं नाही.

"हे कोर्टात चालंल?" खतिजानं विचारलं.

"चालेल की," तो माणूस म्हणाला. "गेल्या चार वर्षांत एवढं स्वच्छ मला मिळालं नव्हतं." मग गल्लीकडं बघून म्हणाला, "इथं झाडत नाहीत का हो?"

बायकांनी आपापल्या दारातल्या केराकडं बघितलं.

आक्का जोत्यावरनं उठली. तिच्या डाव्या हाताशी निशिगंधा होती. "भायेरचं झालं," ती खतिजाला म्हणाली. "आता आतलं बघूया. तू बी ये."

"मी? आत?"

"ये म्हणतोय न्हवं."

खतिजानं पाय झाडले आणि आत गेली. दिवा अजून जळत होता. चौघी राखेभोवती बसल्या आणि आक्कानं दुरडी उचलली. राखेत काहीतरी होतं. अंतराची सासू म्हणाली, पाखरू. आक्का म्हणाली, वासराचा खूर हाय, हितं बघ. निशिगंधा ओणवी होऊन, श्वास धरून बघत राहिली, आणि खतिजाही तिच्याशेजारी ओणवी झाली.

बाहेर, सगळ्या गल्लीत एकदम, खराट्यांचा आवाज सुरू झाला.

तो ऐकता ऐकता खतिजाला आठवलं: दहावीत असताना शिफानं एकदा घर झाडून सगळा केर गादीखाली सारला होता आणि शाळेला निघून गेली होती. खतिजाला तो चौथ्या दिवशी सापडला.